बाटली उघडली की मीठ-लिंबू हाताशी ठेवा

हॉटेलात ताट ठरलेलं असतं आणि त्याला जुळेल अशी वाइन शोधायची असते. घरी हे उलटं करता येतं, पण ते फारसं कुणी करत नाही. बाटलीतला आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल हे सगळं बूच बसलं तेव्हाच ठरून गेलेलं असतं. त्यात आपल्याला ढवळाढवळ करता येत नाही. पातेलं मात्र अजून गॅसवर आहे. त्यात चिमूटभर मीठ, लिंबाचा थोडा रस, लोण्याचा एक तुकडा केव्हाही पडू शकतो. म्हणून ‘कशाबरोबर कोणती वाइन’ असले लांबलचक तक्ते पाठ करण्यापेक्षा ताटातली कोणती चव वाइनचं काय करते, एवढं ओळखता येणं जास्त कामाचं.

त्यासाठी वीस मिनिटं आणि चार बशा पुरतात. एका बशीत लिंबाची फोड, दुसरीत मीठ, तिसरीत साखर आणि चौथीत एक मशरूम, मीठ न लावता मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद गरम करून अर्धं कापलेलं. ग्लासात ६० मिली ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड घ्या. नव्या सालातली कॅबर्ने सोविन्यो असेल तर फरक ठळक कळतो, कारण ती मुळातच तुरट असते. आधी नुसता एक घोट घ्या आणि जीभ कुठे कोरडी पडते, हिरड्या कशा ओढल्यासारख्या होतात ते लक्षात ठेवा. मग साखरेची चिमूट जिभेवर विरघळू द्या आणि लगेच घोट घ्या. तीच वाइन आता आंबट आणि पातळ लागेल. पाणी पिऊन दोन मिनिटं थांबा. मशरूमचा अर्धा भाग चावून घोट घेतलात की कडवटपणा पुढे येतो, तुरटपणा वाढतो आणि फळाचा वास कुठे गेला ते कळत नाही. आता लिंबाची फोड चाटून घोट घ्या: वाइन मऊ, थोडी गोडसरच लागते. मिठाचे दोन कण जिभेवर ठेवलेत तर तुरटपणा खाली बसतो. शेवटी मशरूमच्या उरलेल्या अर्ध्यावर मीठ आणि लिंबाचे दोन-तीन थेंब टाका आणि पुन्हा घोट घ्या. मघाचा कडवटपणा बराचसा गेलेला असेल.

म्हणजे गोड आणि उमामी (मशरूममध्ये लागते ती भरीव चव) या चवी वाइनला कठोर करतात, मीठ आणि आंबट तिला मवाळ करतात. उमामी नुसत्या मशरूममध्येच नसतो. पिकलेल्या टोमॅटोत, सोया सॉसमध्ये, मुरलेल्या चीजमध्ये, तासन्‌तास उकळलेल्या हाडांच्या रस्स्यात तो भरपूर असतो. मंद आचेवर लालसर परतलेला कांदा आणि गाजर गोडवा आणतात. घरच्या बऱ्याच चांगल्या पदार्थांत या दोन चवी ठासून भरलेल्या असतात, आणि महागाची रेड उघडूनही ‘ही कडूच लागते’ अशी तक्रार येते ती त्यामुळे. दोष बाटलीचा नसतो.

अशा वेळी दुसरी बाटली उघडायची घाई करू नका. एका वाटीत दोन मोठे चमचे रस्सा काढा, त्यात मिठाचे काही कण आणि लिंबाचे चार थेंब टाका, ढवळून चाखा आणि वाइनचा घोट घ्या. सुधारणा जाणवली तरच मुख्य भांड्याला हात लावा. चार माणसांच्या साधारण ६०० मिली रस्स्याला दोन चहाचे चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ ही सुरुवात. तेही एकदम न घालता दोन हप्त्यांत, मध्ये घोट घेऊन. यात चूक होते ती लिंबू जास्त पडल्याने. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन सपाट, गोडसर पाण्यासारखी लागते. तसं झालंच तर २० ग्रॅम लोणी किंवा दोन चमचे क्रीम घालून आंबटपणा बोथट करा. साखर घालून आंबट मारायचा मोह आवरा, साखरेने वाइन आणखी बिघडते. आणि लिंबाच्या जागी व्हिनेगर नको. त्यातलं अॅसेटिक अॅसिड उडून नाकात जातं आणि ग्लासातल्या वासावर बसतं. सॅलडवर व्हिनेगर हवंच असेल तर नेहमीच्या निम्मं घ्या आणि उरलेला आंबटपणा लिंबातून आणा.

तिखट जेवणाचं काय?

इथे मीठ-लिंबाची मात्रा पुरत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, आणि अल्कोहोलही त्याच वाटेने जातो. म्हणून तिखट घासावर १४.५ टक्क्यांची रेड घेतली की आग वाढते. त्यात टॅनिनची, म्हणजे वाइनला तुरट करणाऱ्या घटकाची, भर पडली की कोरडेपणाही येतो. शिवाय कॅप्सेसिन चरबीत विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही, त्यामुळे १३ टक्के अल्कोहोलची वाइन ते धुऊन नेईल ही आशा सोडा.

उपयोगी पडतात त्या गोष्टी तीन: कमी अल्कोहोल, थोडी शिल्लक साखर आणि गारवा. ८ ते ११ टक्क्यांची, किंचित गोड, चांगली आंबट आणि ८ अंशांवर थंड केलेली व्हाइट बहुतेक तिखट जेवणांना पुरून उरते. जर्मन रीसलिंग घेताना लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा वाचा. ८-९ टक्के लिहिलं असेल तर द्राक्षातली बरीच साखर आंबायची राहिली आहे आणि वाइन गोड आहे. १२ टक्के आणि ‘ट्रोकन’ हा शब्द असेल तर ती ड्राय आहे, तिखटाला तितकी उपयोगी नाही. गेवुर्झ्ट्रामिनरला गुलाबाचा, लिचीचा सुंदर वास असतो म्हणून ती मसालेदार जेवणाला सरसकट सुचवली जाते, पण तिचं अल्कोहोल बऱ्याचदा १३.५ च्या पुढे असतं आणि आंबटपणा कमी. सौम्य मसाल्याला ठीक. जाळ तिखटाला मी ती देणार नाही.

फसफसणाऱ्या वाइनमध्ये एक गोंधळात टाकणारं नाव आहे. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम. नाव एक्स्ट्रा ड्राय असलं तरी चव ब्रूटपेक्षा गोड! तिखटाबरोबर हाच गोंधळ पथ्यावर पडतो. तळलेल्या, खारट पदार्थांना मात्र ब्रूटच घ्या. तेलाचा थर आंबटपणाने कापला जातो आणि मिठामुळे वाइनचं फळ वर येतं. तळणीला एवढी चांगली जोडी दुसरी नाही.

मासा आणि रेड

‘माशाला व्हाइट, मांसाला रेड’ हा नियम अर्धा खरा आहे. माशाबरोबर काही रेड वाइन धातूसारख्या आणि शिळ्या माशासारख्या लागतात, याचं कारण जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं: वाइनमधलं लोह. त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅमच्या वर गेलं की माशातल्या चरबीशी त्याची क्रिया होऊन तो वास तयार होतो. लोहाचा आकडा लेबलवर नसतो, त्यामुळे बाटली बघून हे ओळखता येत नाही. म्हणून तेलकट माशाबरोबर रेड घ्यायचीच झाली तर आधी एक घास, एक घोट अशी चाचणी करा आणि मगच सगळ्यांना ओता. पिनो न्वार किंवा गामे या हलक्या, कमी तुरट द्राक्षांच्या वाइन १३ अंशांवर थंड करून दिल्या, आणि मासा भाजलेला किंवा टोमॅटोच्या रस्स्यातला असला, तर सहसा निभावतं. वाफवलेल्या पांढऱ्या माशाशी मात्र हा खेळ करू नये.

मांसाचंही तसंच. तुरट रेड मांसाबरोबर मऊ का लागते? टॅनिन एरवी लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं. घासात मांसाची प्रथिनं आणि चरबी असली की ते काही प्रमाणात तिकडे गुंततं. पण खरा हातभार मांसावरच्या मिठाचा असतो. अळणी भाजलेल्या मांसाबरोबर तीच रेड घेऊन बघा, जादू निम्मी होते. कोंबडीला तर स्वतःची बाजूच नाही. क्रीममध्ये शिजवली तर शार्दोने ही व्हाइट, टोमॅटोत शिजवली तर बार्बेरा किंवा सांजोवेझे या रेड, लिंबू आणि हिरव्या पानांबरोबर सोविन्यो ब्लाँ ही व्हाइट. रस्सा बघा, प्राणी बघू नका. टोमॅटोला बार्बेरा जुळते कारण तिच्यात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन कमी. एकाच घरात रोज वेगवेगळं शिजत असेल आणि एकच रेड ठेवायची असेल तर मी हीच ठेवेन. व्हाइटमध्ये तो मान ड्राय शेनिन ब्लाँचा.

अर्धवट शिजलेलं अंडं जिभेवर पिवळ्या बलकाचा थर चढवतं आणि कुठलीही शांत, म्हणजे न फसफसणारी, वाइन त्याच्या पलीकडे पोचत नाही. बुडबुडे पोचतात. गोडाच्या ताटाला एकच अट: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. ड्राय रेड आणि चॉकलेट ही जोडी जाहिरातीत छान दिसते, तोंडात नाही. चॉकलेटला पोर्ट ही गोड, कडक वाइन द्या. फळांच्या हलक्या गोडाला साडेपाच टक्क्यांच्या आसपासची मोस्काटो दास्ती.

तापमान: सगळ्यात स्वस्त सुधारणा

‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे, तेव्हा खोली १७-१८ अंशांवर असायची. २८ अंशांच्या खोलीत ठेवलेली रेड दिलीत तर अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि फळ शिजल्यासारखं लागतं. भारदस्त रेड १६ ते १८ अंश, हलकी रेड १२ ते १४, शार्दोनेसारखी जड व्हाइट १० ते १३, हलकी व्हाइट आणि रोझे ८ ते १०, फसफसणारी ६ ते ८. फ्रिज ४-५ अंशांवर असतो, म्हणजे रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली चांगली व्हाइट तशीच ओतली तर तिचा वास बंदच असतो. जेवणाआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. उलट रेड पाऊण ते एक तास फ्रिजमध्ये घाला.

वेळ नसेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घ्या आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. व्हाइट १५ ते २० मिनिटांत तयार होते, रेडला सात-आठ मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फाने होत नाही, कारण तुकड्यांमधली हवा थंडी पोचू देत नाही. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, आणि मिठामुळे ते शून्याच्या खाली जाऊ शकतं. फ्रीझर वापरायचा तर २५ मिनिटांचा गजर लावूनच. वाइन उणे ५-६ अंशांच्या आसपास गोठते, गोठताना फुगते आणि बूच बाहेर ढकलते. फसफसणारी बाटली तर फुटू शकते. ग्लासात वाइन भराभर गरम होते, म्हणून दोन अंश जास्त थंडच ओता, आणि ग्लास एक-तृतीयांशच भरा. उरलेली जागा वासासाठी असते. ग्लासाला साबणाचा किंवा कपाटाच्या लाकडाचा वास नाही ना, हे ओतण्याआधी रिकाम्या ग्लासात नाक घालून बघा. बाटलीला दोष देण्याआधी ही तपासणी करावी.

पातेल्यात वाइन

स्वयंपाकात घालायची वाइन पिण्यालायक हवी, महाग नको. ‘कुकिंग वाइन’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत मीठ घातलेलं असतं आणि वाइन आटली की पदार्थ खारट होतो. ओकच्या पिंपात मुरलेली शार्दोने आणि अति तुरट रेड टाळा. पाणी आटतं, पण टॅनिन आणि लाकडाची चव तिथेच राहते, त्यामुळे रस्सा कडवट होतो. भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं असू द्या. कोटिंग नसलेल्या अॅल्युमिनियम किंवा लोखंडाशी वाइनमधलं आम्ल क्रिया करतं, मग रंग काळपट आणि चव धातूची.

रोजच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे तव्याला चिकटलेला खरपूस भाग सोडवणं. मांस किंवा मशरूम भाजून बाजूला काढा. तव्यात चमचाभरच तेल राहू द्या, जास्तीचं ओतून टाका, नाहीतर रस्सा फुटतो. बारीक चिरलेला कांदा मिनिटभर परता. गॅस क्षणभर बंद करून १२० मिली वाइन ओता, कारण मोठ्या आचेवर सरळ बाटलीतून ओतताना भडका उडू शकतो. पुन्हा मध्यम आच, आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहा. सुरुवातीला नाकाला झोंबणारी वाफ येते. तीन-चार मिनिटांत ती जाते, बुडबुडे मोठे आणि संथ होतात आणि उलथनं ओढल्यावर तळ क्षणभर उघडा दिसतो. वाइन सुमारे ४० मिली उरली आहे. आता १५० मिली बिनमिठाचा स्टॉक घालून निम्मा आटवा, गॅस बंद करा आणि २० ग्रॅम थंड लोणी फिरवत मिसळा. मीठ अगदी शेवटी, कारण आटताना ते घट्ट होत जातं. क्रीम घालायचं असेल तर वाइन पूर्ण आटल्यावरच. आटायच्या आधी घातलं तर आम्लाने फाटण्याची शक्यता असते.

बटाटे आणि कडधान्यं वाइनमध्ये शिजायला घातली तर तास उलटला तरी टणक राहतात. आम्लामुळे त्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन नीट विरघळत नाही. आधी पाण्यात मऊ शिजवा, वाइन नंतर.

आणि ‘शिजताना अल्कोहोल उडून जातं’ हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १५ मिनिटं उकळल्यावर सुमारे ४० टक्के उरतं, एका तासानंतर २५, अडीच तासांनंतरही ५ टक्के. पेटवून भडका दाखवला तर उलट ७५ टक्के शिल्लक राहतं. ज्यांना अल्कोहोल अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवा.

उघडणं आणि उरणं

बूच मोडतं ते बहुधा स्क्रू तिरका गेल्याने. टोक मध्यावर टेकवा, सरळ आत घाला आणि एक वेढा बाहेर राहिला की थांबा. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बुरसट तळघरासारखा वास आला तर तो बुचातल्या टीसीए या संयुगाचा दोष असतो. तो अपायकारक नाही, पण हवा लागून जातही नाही, ती बाटली रस्स्यातही घालू नका. विझलेल्या आगकाडीसारखा वास मात्र दहा मिनिटं ग्लास फिरवल्यावर सहसा निघून जातो. बूच काढून बाटली तासभर तशीच ‘श्वास घ्यायला’ ठेवण्यात अर्थ नाही, दोन सेंटिमीटरच्या मानेतून कितीशी हवा लागणार? नवी, तुरट रेड रुंद तोंडाच्या जगमध्ये ओता आणि अर्धा ते एक तास थांबा. दहा-पंधरा वर्षांची जुनी रेड असेल तर उलट: आदल्या दिवशी उभी करून गाळ बसू द्या आणि उघडल्यावर लगेच प्या. ती हवेत फार टिकत नाही.

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास बसतात. दोघं जेवत असतील तर उरणारच. ती उरवायची कशी, हे उघडतानाच ठरवा. बाटली उघडल्या उघडल्या, पहिला ग्लास भरायच्याही आधी, निम्मी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ, स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत काठोकाठ ओता, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा, रेड असली तरी. आत हवाच नसल्याने ती आठवडाभर चांगली राहते. अर्धी रिकामी मूळ बाटली बूच लावून ठेवलीत तर तीन, फार तर पाच दिवस. फसफसणारीला पकडीचं खास झाकण लागतं. मानेत चमचा अडकवून ठेवल्याने काहीच होत नाही.

तरीही राहिलीच, तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि खडे पिशवीत भरून ठेवा. अल्कोहोलमुळे ते दगडासारखे कडक होत नाहीत, थोडे भुसभुशीतच राहतात. एक खडा साधारण ३० मिलीचा धरला तर तव्याच्या रस्स्याला चार खडे.